राजापूरच्या सड्यावरच्या माझ्या जागा: सांगाव्यात की पोटात ठेवाव्यात?

सड्यावरचा
दर मे महिन्यात पाहुणे तेच विचारतात: गणपतीपुळे झालं, मालवण झालं, आता काय दाखवतोस? या दोहोंच्या मध्ये राजापूर आणि देवगड आहेत, आणि लोक तिथून नुसती गाडी पळवतात. मी इथलाच, म्हणून सांगतो.

पहिलं काशेली. सकाळी कनकादित्याचं, म्हणजे सूर्यदेवाचं, दर्शन घ्यावं आणि मग सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, हत्ती बघायला जावं. जांभ्या कातळात कोरलेला, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगात पुन्हा मासे, जनावरं कोरलेली. तो एकदम दिसत नाही. ऊन तिरकं असताना कडेकडेने फिरत राहायचं. कुठेतरी सोंडेची रेघ सापडते आणि तिथून अख्खा हत्ती उभा राहतो. मी तीसेक वेळा गेलो असेन, अजून अंगावर काटा येतो.

दुसरं देवाचे गोठणे. तिथल्या कातळात कोरलेल्या माणसाच्या आकृतीपाशी होकायंत्र ठेवलं तर सुई चुकीची दिशा दाखवते. पोरांना न्या, विसरणार नाहीत.

संध्याकाळी नाटे गावचा यशवंतगड आणि पुढे आंबोळगड. विजयदुर्ग बघणाऱ्यांनी गिर्ये गावात रामेश्वराला उतरावं. कातळ फोडून केलेल्या वाटेने खाली जाताना बाहेरचं ऊन मागे राहतं, ते अनुभवण्यासारखं आहे.

(इथे एका झऱ्याची जागा दिली होती. खालच्या चर्चेनंतर काढली.)

देवरहाटी
दादा, राग मानू नका, पण हे लिहायला नको होतं. आमच्या गावची देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राई, तीन वर्षांपूर्वी कोणीतरी व्हिडिओत दाखवली. तिथे आम्ही पायातलं काढून जातो, वाळलेली काटकीसुद्धा घरी आणत नाही. त्या पावसाळ्यात एका रविवारी चौदा गाड्या मोजल्या. सोमवारी मी आणि माझ्या जावेने दोन पोती बाटल्या आणि प्लेटा उचलल्या. पाषाणासमोर कोणीतरी चूल मांडली होती, तो काळा डाग अजून आहे.
आवडती जागा म्हणजे आपल्या माणसाला हाताला धरून न्यायची जागा. तिचा पत्ता चारचौघांत वाटू नये.

चिरेखाणीशेजारी
ताई, तुमचं दुःख खरं आहे, पण गप्प राहिल्याने जागा वाचते हे मला पटत नाही. आमच्या सड्यावर लहानपणी आम्ही ज्या रेघांवर लंगडी खेळायचो, तिथे आज वीस फूट खोल चिरेखाण आहे, घरांसाठी जांभ्याचे चिरे कापून काढायची खाण. त्या रेघा काय होत्या ते गावात कोणालाच माहीत नव्हतं. जमीन विकली, मशीन आलं, चिरे निघाले, लोकांची घरं झाली. दोष कोणाला देणार? माहीत असतं तर निदान कोणी आडवं तरी झालं असतं.
अशी सड्यावर कोरलेली चित्रं, म्हणजे कातळशिल्पं, २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली: काशेली, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ. अभ्यासक आणि गावकरी सड्यासड्यावर हिंडले, लोकांना बोलतं केलं, म्हणूनच ना? या जागा लपवल्या असत्या तर त्यांचेही चिरेच झाले असते.

देवरहाटी
कातळशिल्पाला गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, घालता येतो. राईला आणि झऱ्याला काय घालणार? शिल्पं तरी कुठे सुरक्षित आहेत? रेघांवर चपला घालून उभं राहून फोटो काढणारे मी स्वतः पाहिलेत. जांभा झिजतो. हजारो वर्षं पावसाने केलं नाही ते आपण दहा वर्षांत करू.

खाडीकाठची
मी दोन खोल्या पर्यटकांना देते. माझा मुलगा मुंबईला न जाता घरी राहिला तो या दोन खोल्यांमुळे, त्यामुळे "सांगूच नका" हे मला पटणारं नाही. घावणे, कुळथाची पिठी, ताज्या तिसऱ्या वाढल्या की माणसं पुन्हा येतात, पुढच्या वेळी आईवडिलांना घेऊन येतात.
पण सड्यावरच्या दादांना एक विचारते. तुम्ही पाहुण्यांना मे महिन्यात का बोलावता? आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्यातून तो झिरपून निघून जातो. मेमध्ये आमच्या विहिरीचा तळ दिसतो. वाडीत दिवसाआड पाणी येतं, आणि पाहुणे दोनदा आंघोळ करतात. त्यांना तरी कसं कळावं, कोणी सांगितलेलंच नसतं. गणपती झाले की बोलवा. तेव्हा सडा हिरवा असतो, कातळावरच्या डबक्यांच्या कडेला बोटाच्या पेराएवढी निळी-जांभळी फुलं असतात, विहिरी भरलेल्या असतात, आणि आमच्या खोल्या नेमक्या तेव्हा रिकाम्या असतात.

चाकरमानी
सुट्टी मेमध्येच मिळते, ताई. पोरांची शाळा असते.

खाडीकाठची
दिवाळीची सुट्टी असते की. आणि मेमध्ये आलात तरी या, फक्त बादलीने आंघोळ करा.

देवरहाटी
साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठाराचं उदाहरण घ्या. तिथे दिवसाला ३००० लोकांची मर्यादा घालावी लागली, आगाऊ नोंदणी आली. आपल्या सड्याला विचारणारं कोण आहे? आधी व्यवस्था, मग जाहिरात.

चिरेखाणीशेजारी
माणसं यायला लागल्याशिवाय व्यवस्था कोण करतं? उक्षीला गावाने पुढाकार घेतला, शिल्पाभोवती कठडा बांधला, वरून बघायची सोय केली. आपल्या गावाला ही आपली वस्तू आहे असं वाटलं की माणसं पुढे येतात, आणि तसं वाटायला बाहेरचं कोणीतरी येऊन "वा!" म्हणावं लागतं. हे मला आवडत नाही, पण बघितलं आहे.

सड्यावरचा
ताई, झऱ्याची ओळ काढली. तुमचं बरोबर होतं, तिथे गाडी पोचते पण कचरा उचलायला कोणी पोचत नाही. मे महिन्याचंही मान्य. या वर्षी पाहुण्यांना नवरात्रानंतर बोलावतो.
काशेली आणि गोठणे मात्र काढणार नाही. कोणी येणार असेल तर गावात थांबून विचारा, वाट दाखवायला माणूस घ्या, त्याच्या हातावर दोन पैसे ठेवा, रेघांपासून हातभर लांब उभे राहा.

देवरहाटी
काढलीत त्याबद्दल आभार. पण हत्तीच्या बाबतीत माझं मत तेच आहे. आणि "हातभर लांब" नको, दादा. चपला काढून ठेवा असं लिहा.