सायकलच्या फ्रेमला तडा गेला आहे असे वाटते. ती चालवावी का?

प्रश्न : मांजलपूरकर

नमस्कार. माझ्या मुलीकडे ॲल्युमिनियम फ्रेमची हायब्रिड सायकल आहे. ती बडोद्यात मांजलपूरहून कलाभवनात, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, याच सायकलवर जाते आणि थंडीत मैत्रिणींबरोबर आजव्यापर्यंत चक्कर मारून येते. परवा सायकल उलटी ठेवून धूत असताना खालच्या तिरप्या नळीवर, ती हँडलच्या उभ्या नळीला जोडली आहे त्या वेल्डच्या अगदी लगत, मला केसासारखी बारीक रेघ दिसली. लांबी बोटाच्या पेराएवढी आहे. रेघ नळीच्या पोटाकडच्या बाजूला असल्यामुळे सायकल उभी असताना ती कोणाच्याही नजरेस पडणार नाही. फडक्याने जोर लावून पुसली तरी ती गेली नाही. नख फिरवले तर किंचित अडते असे मला वाटते, मुलीला तसे वाटत नाही.

जवळच्या दुकानदाराने "रंग तडकला आहे, खुशाल चालवा" असे सांगितले. वेल्डिंगवाला म्हणाला की आर्गन मारून लगेच देतो, नव्यापेक्षा मजबूत होईल. पुढच्या महिन्यात मुलीला पावागढला जायचे आहे, म्हणजे सुमारे ५० किलोमीटर आणि शेवटी माचीपर्यंतचा घाट. ही रेघ रंगाची आहे की धातूची, हे खात्रीने कसे ओळखावे? आणि धातूची असेल तर वेल्डिंग करून सायकल वापरता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : मकरपुरा इन्स्पेक्शन

निर्णय होईपर्यंत सायकल कोणालाही चालवू देऊ नका, अगदी गल्लीतल्या गल्लीतही नको. हे मी रेघेच्या लांबीमुळे म्हणत नाही, तिच्या जागेमुळे म्हणतो. हँडलच्या नळीचा आणि खालच्या नळीचा जोड हा फ्रेममधला सर्वांत कष्टाचा जोड असतो. रस्त्याचा धक्का चाकाला खालून बसला की फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा, पुढे रेटला जातो आणि या नळीच्या पोटावर ताण येतो. पुढचा ब्रेक दाबला की फोर्क मागे रेटला जातो आणि त्याच जागी दाब येतो. असा उलटसुलट भार वर्षानुवर्षे पडल्यावर धातू थकतो आणि बहुधा वेल्डच्या कडेलाच फाटायला सुरुवात होते. तिथे नळी तुटली तर हँडल आणि पुढचे चाक उरलेल्या सायकलपासून वेगळे होऊ लागते, आणि चालवणारा तोंडावर पडतो. हीच रेघ सीटच्या नळीच्या वरच्या खाचेजवळ असती, तर मी इतका घाबरलो नसतो.

आता ओळखण्याबद्दल. रंगाचा तडा बहुधा जाळीसारखा किंवा वेडावाकडा असतो, त्याच्या कडेचे कपचे उडतात आणि खाली अखंड, चकचकीत धातू दिसतो. धातूचा तडा बहुधा वेल्डच्या कडेला धरून किंवा नळीला आडवा धावतो. कधीकधी त्याच्या तोंडाशी काळपट भुकटी जमते, कारण फटीच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासत असतात. पुसल्यानंतर थोडी सायकल चालवली की अशी काळी रेघ पुन्हा उमटते, पण ही परीक्षा तुम्ही घेऊ नका. त्याच जागी नळीखालून बोटाचे टोक फिरवून पाहा. समोरून जोरात धडक बसलेली असेल तर नळीला बारीकशी सुरकुती पडलेली असते, आणि ती डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळते. सुरकुती लागली तर पुढच्या तपासणीची गरजच नाही, फ्रेम बाद.

सुरकुती नसेल तर डीपी (डाय पेनिट्रंट), म्हणजे फटीत रंग शिरवून तडा दाखवणारी टेस्ट करा. आपल्या बडोद्यात प्रेशर व्हेसल आणि हीट एक्स्चेंजर बनवणारे इतके कारखाने आहेत, की मकरपुरा जी.आय.डी.सी.त वेल्डिंगची डीपी ही रोजची बाब आहे. सफाईचा द्रव, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर असे तीन स्प्रे असतात. जागा स्वच्छ करून लाल रंग मारायचा, तो फटीत शिरायला दहा-पंधरा मिनिटे द्यायची, मग क्लीनरने ओलसर केलेल्या फडक्याने वरचा रंग पुसायचा आणि पांढऱ्याचा हलका थर द्यायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ पाझरून येते. क्लीनर थेट जागेवर फवारू नका, फटीतला रंगही धुऊन जाईल.

आणखी एक गोष्ट नवशिके हमखास विसरतात. डीपी उघड्या धातूवरच करावी लागते, पण फ्रेमचा रंग पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरने खरवडायचा नाही. ॲल्युमिनियम मऊ असते. घासल्यावर ते तड्याच्या तोंडावर पसरते, फट बुजते आणि टेस्ट खोटी "पास" होते. पेंट रिमूव्हर लावून रंग फुगवून काढावा.

उत्तर २ : दांडियाबाजार

रिमूव्हर लावण्याच्या आधी थांबा. अनेक कंपन्या फ्रेमवर पहिल्या ग्राहकाला दीर्घ मुदतीची, काही तर आजीवन वॉरंटी देतात. रंग काढलेली किंवा वेल्डिंग केलेली फ्रेम दिसली की "फेरफार केला" या सबबीवर दावा नाकारायला त्यांना आयतेच कारण मिळते. रेघेचे जवळून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरा, बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलांचा आस बसतो त्या नळीच्या) खाली कोरलेला नंबर टिपून घ्या, बिल शोधा आणि हे सारे विक्रेत्याला लेखी पाठवा. त्यांचे उत्तर आल्यावरच डीपीकडे वळा.

उत्तर ३ : जुनी लोखंडी

वरील मंडळींशी मी सहमत आहे, फक्त वेल्डिंगवाल्याच्या बोलण्यामागचे कारण सांगतो, कारण तो मुद्दाम खोटे बोलत असेल असे नाही. आपल्या वडिलांच्या काळातल्या काळ्या सायकलींच्या नळ्या पोलादी असत आणि सांध्याच्या खोबणीत बसवून पितळेने ब्रेझिंग केलेल्या असत. तसली फ्रेम तडकली तर जाणता कारागीर ती पुन्हा तापवून जोडतो आणि ती पुढे अनेक वर्षे चालते. पोलादाला एका मर्यादेखालचा भार कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, तिथे प्रत्येक धक्का खात्यावर जमा होत राहतो. शिवाय पोलादी नळी तुटण्याआधी वाकते, करकरते, रंगाखालून गंज ओघळून दाखवते, आणि त्यामुळे माणूस वेळेवर सावध होतो.

ॲल्युमिनियमची अडचण वेगळी आहे. सायकलींत सर्रास वापरला जाणारा ६०६१ हा मिश्रधातू टी६ अवस्थेत असतो, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून त्याला ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने लगतच्या पट्ट्यातली ही ताकद साधारण निम्म्यावर येते. कारखान्यात वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड करतात आणि मग १६० ते १७५ अंशांवर कित्येक तास ठेवतात. हे नाक्यावरच्या दुकानात होत नाही. त्यामुळे आर्गनने टाका दिसायला सुबक बसेल, पण त्याच्या शेजारीच नवा तडा जाईल, आणि तोही पहिल्यापेक्षा लवकर. ७००५ नावाचा मिश्रधातू वेल्डिंगनंतर सामान्य तापमानातही हळूहळू बरीच ताकद परत मिळवतो, पण हाताशी असलेली फ्रेम कशाची आहे हे वेल्डिंगवाल्याने विचारले तरी होते का?

उत्तर ४ : मकरपुरा इन्स्पेक्शन

"पोलाद सावध करते" या विधानाला एक पुरवणी जोडतो. हे नळ्यांबाबत बहुतांशी खरे आहे, पण फोर्कची हँडलच्या नळीत शिरणारी दांडी आतून गंजते, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि ती पोलादी असूनही अचानक तुटते. म्हणून "लोखंडी आहे, काही होत नाही" असे कोणी या चर्चेतून समजू नये.

तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवण्याचा उपायही कोणीतरी सुचवीलच. जाड पत्र्याच्या कामात तो तात्पुरता उपयोगी पडतो. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या नळीत, तेही वेल्डलगत, त्या भोकातूनच पुढचा तडा सुरू होतो. एपॉक्सी भरल्याने तर रेघ फक्त झाकली जाते.

मांजलपूरकर (प्रश्नकर्ते)

सर्वांचे आभार. विक्रेत्याने कळवले की वॉरंटीची मुदत संपली आहे, त्यामुळे रंग काढून परिचितांच्या कारखान्यात डीपी करून घेतली. लाल रेघ स्पष्ट उमटली, आणि आम्हाला दिसत होती त्यापेक्षा ती दोन्ही टोकांना पुढे गेलेली होती. एका टोकाला ती वेल्ड सोडून नळीत वळली आहे. मुलीने ते स्वतः पाहिले, त्यामुळे घरात वादाचा प्रश्न उरला नाही. पावागढला ती मैत्रिणीच्या घरची सायकल घेऊन जाईल. चाके, गिअर आणि ब्रेक चांगले असल्यामुळे फक्त दुसरी फ्रेम घ्यावी असा विचार आहे. त्यात काय पाहावे, आणि जुनी फ्रेम भंगारात द्यावी का?

उत्तर ५ : दांडियाबाजार

फ्रेम घेताना सीटच्या दांडीचा व्यास (२७.२ किंवा ३१.६ मिलिमीटर असा दांडीवर कोरलेला असतो), बॉटम ब्रॅकेटचा प्रकार, मागच्या एक्सलची रुंदी आणि डिस्क ब्रेकच्या जागा जुळवून घ्या. मुलीची उंची वाढली असेल तर मापही आताच बदला. लहान फ्रेमवर सीटची दांडी, ती किमान किती आत राहावी हे दाखवणाऱ्या खुणेच्या वर उपसून चालवली की सीटच्या नळीला तडा जातो. जुना फोर्क नव्या फ्रेमला लावण्याआधी त्याचीही डीपी करून घ्या, कारण जे धक्के फ्रेमने खाल्ले ते आधी त्याने खाल्ले आहेत.

भंगारात जरूर द्या, पण आधी हॅकसॉने हँडलच्या नळीजवळ दोन्ही नळ्या आरपार कापा. अख्खी फ्रेम दिली तर रंग मारून ती शुक्रवारच्या बाजारात कोणाच्या तरी मुलासाठी विकली जाईल.