पंचगंगा: आधी पाईपलाईन की आधी नदी?

शिरोळकर: कोल्हापूरला २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपनं आलं. इचलकरंजीला वारणा नदीचं हवं होतं, ते वारणाकाठच्या दानोळीकरांनी अडवलं. आता दूधगंगेवरची सुळकूड योजना हवी आहे. ज्यानं त्यानं दुसरीकडचं चांगलं पाणी न्यायचं आणि सांडपाणी मात्र पंचगंगेत, मग नदीकडं बघणार कोण? प्रयाग चिखली ते नरसोबावाडी, सुमारे ८० किलोमीटरचा एकच आराखडा करा. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, प्रत्येक बंधाऱ्यावर रोज पाणी तपासा आणि आकडे जाहीर करा. कुठल्या दोन बंधाऱ्यांमध्ये पाणी नासलं ते तरी कळेल. तोवर नव्या पाणीयोजनेला मंजुरी नको.

यंत्रमागवाला: तुमचा आराखडा होईस्तोवर आम्ही काय प्यायचं? २०१२ च्या काविळीत आमच्या इचलकरंजीची माणसं गेली. नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते गावात येऊन बघा एकदा. कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांना आणि सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्यांना बोला की, कोण नको म्हणतंय? पण शिक्षा आमच्या नळाला का?

पेठेतला: शिरोळकर, कोल्हापूरचा उपसा शिंगणापूर-बालिंग्याला होता. शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या बाजूला. म्हणजे आमची घाण आम्ही थेट पाईपलाईनच्या आधीही पीत नव्हतो! पाईप अडवून नदीला काय मिळणार? कसबा बावड्यात ७६ एमएलडीचं, म्हणजे रोज ७६ दशलक्ष लिटरचं, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. ते पुरतं चालतं का, सगळे नाले तिथवर पोचतात का, ते विचारा.

शिरोळकर: मग तर माझंच म्हणणं पक्कं झालं. वरच्यानं सोडायचं, खालच्यानं प्यायचं. बरं, सरसकट बंदी नको. पण योजनेच्या मंजुरीआधी त्या गावानं आपल्या सांडपाण्याचं काम दाखवावं, एवढी अट घाला.

बंधाऱ्याकाठचा: मार्च-एप्रिलात तेरवाडला या. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, पाणी जागचं हलत नाही. वरून साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी आलं की काळंशार होतं. पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात, ऊन चढेपर्यंत बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा पांढरा थर. मग साहेब येतात, बाटल्या भरतात, पंचनामा होतो. धरणातून पाणी सोडून घाण पुढं ढकलली की विषय संपला. आणि नुसती शहरंच नव्हेत हो, काठावरच्या गावांची गटारं आणि आपल्या उसातलं खतसुद्धा नदीतच जातंय. त्याचं नाव कुणी काढत नाही, कारण तिथं मतं आहेत.

पेठेतला: रोजची तपासणी दुपारी होणार आणि पाणी सुटणार रात्री दोनला. बंधाऱ्यावर यंत्रच बसवा, पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा तासातासाला मिळू दे.

शिरोळकर: चालेल. पण आकडा कपाटात नको, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हवा.

यंत्रमागवाला: फळ्यावर लिहा नाहीतर देवळाच्या भिंतीवर. सुळकूड अडवायचं नाही.