पुढच्या साथीसाठी छोट्या दवाखान्याने आताच काय ठरवून ठेवावे?

प्रश्न (नवा दवाखाना, सातारा जिल्हा):
तालुक्याच्या गावी मी नुकताच दवाखाना सुरू केला आहे. तपासणीची एक खोली, बाहेर बाकडी आणि मदतीला एक परिचारिका, एवढाच पसारा आहे. कोविडच्या काळात मी विद्यार्थी असल्याने वॉर्डातील कामाचा अनुभव आहे, दवाखाना चालवण्याचा नाही. असा विषाणू पुन्हा आला, तर मधुमेह-रक्तदाबाच्या नेहमीच्या रुग्णांना परत न पाठवता तापाचे रुग्ण कसे पाहावेत आणि सर्वांपर्यंत खरी माहिती कशी पोचवावी? त्या दोन वर्षांत ज्यांनी दवाखाना उघडा ठेवला होता, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (जुना जनरल प्रॅक्टिशनर, पुणे):
राज्यातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. त्यानंतरचे कित्येक आठवडे आम्ही हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने फरशी आणि दारांच्या कड्या पुसण्यात घालवले. स्वच्छता हवीच, पण हा विषाणू मुख्यतः बंद खोलीतील हवेतून पसरतो, हे आम्हाला उशिरा उमगले. मग एसी बंद केला, समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, एक्झॉस्ट पंखा बसवला आणि बाकडी अंगणात नेली. तापाच्या रुग्णांना सत्राच्या शेवटी बोलवावे, म्हणजे त्यांच्यानंतर त्या खोलीत दुसरा रुग्ण येत नाही. अंगावर जंतुनाशक फवारणाऱ्या कमानींच्या मोहात पडू नये. माणसांवर अशी फवारणी करू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितले होते.

घरी राहणाऱ्या रुग्णाला पल्स ऑक्सिमीटर (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण बोटावर मोजणारे उपकरण) कसा लावायचा, हे हातात देऊन शिकवा. बोट गार असेल किंवा नखावर गडद रंग असेल, तर आकडा चुकतो. ९४ च्या खाली आकडा आला तर लगेच कळवायचे, हे कागदावर ठळक लिहून द्या. तोंडी सांगितलेले घाबरलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही.

उत्तर (फिजिशियन, नाशिक):
फोनवरील सल्ल्याबद्दल थोडी भर घालतो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांमुळे फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देण्याला स्पष्ट चौकट मिळाली. चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक हवा, रुग्णाची नोंद ठेवावी लागते आणि अमली व मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या यादीतील औषधे अशा सल्ल्यावर लिहिता येत नाहीत. नेहमीच्या रुग्णांच्या गोळ्या पुढे चालू ठेवण्यासाठी ही सोय फार उपयोगी पडली. मात्र वेळ ठरवून द्या. मी दुपारी एक तास ठेवला होता, कारण बऱ्याच घरांत आजोबांचा फोन नातवाच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला असे.

उत्तर (रुग्णाची मुलगी):
मी डॉक्टर नाही, तरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या जवळच्या एका दवाखान्याला टाळेबंदीत नुसतेच कुलूप होते. डॉक्टर केव्हा येणार, कुठे जायचे, याची एक ओळही दारावर नव्हती आणि इन्सुलिन घेणाऱ्या आईला घेऊन आम्ही दोनदा परत आलो. दवाखाना बंद ठेवावा लागला तरी दारावर पाटी हवी आणि पाटीवर तारीख हवी. कोविशील्ड लसीच्या दोन डोसांमधील अंतर आधी चार ते सहा आठवडे होते, मार्च २०२१ मध्ये ते सहा ते आठ झाले आणि मे महिन्यात बारा ते सोळा. तारीख नसलेली जुनी सूचना वाचून किती जण केंद्रावर हेलपाटे घालत असतील! व्हॉट्सॲपवर ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी करावी. ग्रुपमध्ये डॉक्टरांच्या सूचनेखाली लगेच काढ्यांच्या कृती येऊन पडतात.

नवा दवाखाना:
सर्वांचे आभार. अडचण एवढीच, की माझ्याकडे अंगण नाही. दार थेट रस्त्यावर उघडते आणि पावसाळ्यात रुग्ण बाहेर थांबू शकत नाहीत.

जुना जनरल प्रॅक्टिशनर:
मग बाकडीच काढून टाका. टोकन देऊन पाळी आली की फोन करा. तोवर रुग्ण रिक्षात किंवा घरी थांबेल. ज्याच्याकडे फोन नाही, त्याला सर्वांत आधी तपासा.