शब्दचर्चा : 'मॉर्फ'ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूड
माझा भाचा ओहायोत असतो. तिकडे लोक हौसेने कॉर्न स्नेक पाळतात, त्यानेही दोन आणलेत. काल फोटो आले. एक पांढरट-गुलाबी, लाल डोळ्यांचा, खाली 'स्नो मॉर्फ'. दुसरा साधाच, केशरी-तपकिरी, पण त्याच्या डब्यावर चिठ्ठी : '६६ टक्के हेट अमेल'. मला आधी वाटलं, सोन्यासारखं असेल, कॅरेटबिरेट. आता हे त्याच्या आईला मराठीत समजावायचं माझ्या गळ्यात पडलंय. तिचा प्रश्न एकच, साप तो साप, मग साध्या दिसणाऱ्यालाही चिठ्ठीपायी जास्त पैसे का मोजले? 'मॉर्फ' म्हणजे जात का? आणि हे रॅट स्नेकपैकी म्हणे, म्हणजे आपली धामणच ना?

सदाशिव पेठ
जात नव्हे. नाग ही एक जात, मण्यार दुसरी. हे दोन्ही एकाच जातीचे, फक्त रंग निराळे. 'रंगरूप' म्हणा, मोकळे व्हा.

धायरी
साप सोडवायला जातो, म्हणून धामणीपुरतं बोलतो. अमेरिकेतले रॅट स्नेक आणि आपली धामण दोघं उंदीर खातात, एवढाच धागा. प्रजाती वेगळ्या आहेत. तेव्हा भाच्याच्या सापाला धामण म्हणू नका. शिवाय धामणीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ती घरात पाळणं गुन्हा. उगाच कोणी वाचून गोणीत भरून आणायचा.
आपली धामणही पिवळसर, तपकिरी, जवळजवळ काळी अशी दिसते, पण त्यांना वेगळी नावं देऊन कोणी भाव लावत नाही. शब्दाचं म्हणाल तर 'धामण' स्त्रीलिंगी, म्हणून लोकांनी सगळ्या धामणी माद्या ठरवल्या आणि नागाशी लग्न लावून दिलं. विळखे घालून उभे राहणारे ते दोघे बहुतेक वेळा नरच असतात, धामणीचे नर, कुस्ती खेळणारे. दर पावसाळ्याच्या तोंडाशी हे कोणालातरी समजवावं लागतं.

मंचर
'वाण' का नको? ज्वारीचा वाण, कांद्याचा वाण रोज म्हणतो आम्ही. मूळ शब्द वर्ण, म्हणजे रंगच. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

औंध
मंचरकरांना सलाम. जीवशास्त्र शिकवते, पण या म्हणीकडे असं कधी पाहिलं नव्हतं. 'हेट'ची अख्खी भानगड तिच्यात आहे : वाण नाही, पण गुण आहे.
अमेल म्हणजे अंगात काळा रंगच तयार न होणारा साप. हा गुण अप्रभावी. आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच अंगावर दिसतो. एकाकडूनच मिळाला तर पिल्लू दिसायला चारचौघांसारखं, पण पुढच्या पिढीत तो गुण उतरवू शकतं. तेच हेट. थॅलेसेमियाच्या संदर्भात आपण 'वाहक' म्हणतो, तोच शब्द इथे चपखल. (पीएमपीच्या वाहकाशी गल्लत करू नये, हा तिकीट देत नाही.)
आता ६६ टक्के. ते त्या सापातलं प्रमाण नाही. दोन वाहकांची जोडी लावली तर सरासरी चार पिल्लांत एक अमेल, दोन वाहक, एक निव्वळ साधं. अमेल डोळ्यांना दिसतं, ते बाजूला काढलं. उरली तीन एकसारखी, त्यांत वाहक दोन. कुठली दोन हे सांगता येत नाही, म्हणून तिघांच्याही डब्यावर ६६. म्हणजे हा साप एकतर पुरा वाहक आहे किंवा मुळीच नाही. चिठ्ठीतला आकडा आपल्या अज्ञानाचा आहे, सापाचा नव्हे.
स्नो तर दोन अप्रभावी गुणांची बेरीज : काळा नाही आणि लालही नाही. दोन्ही गुणांचे वाहक असलेली जोडी लावली तर सरासरी सोळांत एक. म्हणून पहिल्यांदा निघतो तेव्हा भाव चढतो. मग स्नोला स्नो लावून सगळेच स्नो काढायला लागतात आणि भाव खाली येतो. कांद्याचं सांगायला नको.

मंचर
वाहकाचं म्हणजे हायब्रिड बियाण्यासारखं. दिसायला एकसारखं, पण घरचं बी धरलं की शेतात चार तऱ्हा.

सदाशिव पेठ
'वाण' मान्य, पण एक खोच. तो वाण पुल्लिंगी. हळदीकुंकवाला लुटतात ते वाण. आणि 'कशाची वाण नाही' म्हणतो ती वाण, म्हणजे उणीव. तिन्ही लिंगांत तीन अर्थ. त्यातल्या तिसरीवर पहिल्याचा भाव ठरतो असं दिसतंय.

औंध
वा! आणखी एक गंमत. कॉर्न स्नेकमध्ये राखी रंगाचे दोन वाण आहेत, अॅनरी आणि चारकोल. शेजारी ठेवले तर नवखा गोंधळतो. पण त्यांची जोडी लावली की पिल्लं साधी, केशरी-तपकिरी, कारण दोघांचे गुण वेगवेगळ्या जनुकांतले. वाण सारखा, गुण निराळे. आणि पांढरा म्हणजे अल्बिनो असंही नाही. टेक्सास रॅट स्नेकचा एक वाण पांढराशुभ्र, पण डोळे गडद. त्याला मी 'कोरा' म्हणेन.

धायरी
कोरा आवडला.

कोथरूड
बहिणीला सगळं सांगितलं. वाण आणि वाहक दोन्ही पटले. चिठ्ठी खरी की खोटी हे कळायचं कसं, विचारतेय. आणि वाहक नाही निघाला तर पैसे परत मिळतात का?

औंध
अमेलशी जोडी लावायची. एक जरी पिल्लू अमेल निघालं तरी चिठ्ठी खरी. नाही निघालं तर पुढच्या अंड्यांची वाट बघायची.

सदाशिव पेठ
पैशाचं विचारूच नका. विकलेला वाण परत घेतला जात नाही. आमची कुठेही शाखा नाही.