घरात दुःख, दारात सोमवार : त्या आठवड्यातले तुमचे अनुभव

बाबांना जाऊन आता चौदा महिने झाले. बुधवारी पहाटे गेले. त्याच शुक्रवारी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं लग्न होतं, सोमवारी मुलीची परीक्षा सुरू होणार होती आणि ऑफिसात महिनाअखेर होती. ते दिवस कसे निभावले हे मला आजही सलग सांगता येत नाही. तुकडे आठवतात.

बाबांच्या फोनमध्ये गोळ्यांसाठी सकाळी ७:४० चा गजर होता. मीच लावून दिलेला. गुरुवारी घर माणसांनी भरलेलं असताना तो वाजला. फोन कुठल्यातरी उशीखाली होता. सगळे गप्प झाले. आईने उठून फोन शोधला, गजर बंद केला, आणि सवयीने आत जाऊन पेलाभर पाणी घेऊन आली. मग तो पेला हातात धरून खोलीच्या मधोमध उभी राहिली. मी तो तिच्या हातून घेतला आणि पिऊन टाकला. दुसरं काही सुचलंच नाही.

मैत्रिणीला फोन करायचं मी टाळत होते. तिच्या लग्नघरात आपलं रडणं कशाला न्यायचं, असं वाटत होतं. रात्री तिचाच फोन आला. म्हणाली, "तू येऊ नकोस, त्याचं मला काही वाटणार नाही. पण मी तुझ्याजवळ थोडं रडू का? इथे कोणाला सांगता येत नाहीये." बाबांनी आम्हा दोघींना एकाच सायकलवर सायकल शिकवली होती. तिचंही कोणी गेलंय, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पाऊण तास आम्ही दोघी रडलो, आणि शेवटी तिने विचारलं म्हणून मी तिच्या साडीचा रंगही ठरवून दिला.

सोमवारी मुलगी वही घेऊन आली. पालकांची सही हवी होती. वर्षभराच्या त्या रकान्यात बाबांची तिरपी सही होती, एकाखाली एक. त्यांच्या सहीखाली मी माझी केली. हात थरथरला, पण शाळेची वेळ झाली होती.

म्हणून विचारते आहे. घरात असं काही घडलं आणि त्याच आठवड्यात कामं, मुलं, मित्रमैत्रिणी सगळं समोर उभं राहिलं, तेव्हा तुमचं काय झालं? काय जमलं, काय राहून गेलं? सल्ले नकोत. घडलेलं सांगा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

माझा धाकटा भाऊ गेला. आईवडील थकलेले, त्यामुळे सगळी धावपळ माझ्याकडे. कोणी जाण्यात किती कागद असतात ते तोवर ठाऊक नव्हतं. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, बँक, विमा, त्याच्या फोनचं कनेक्शन, त्याच्या भाड्याच्या खोलीची किल्ली. एका ठिकाणी फोनवर मला तीनदा विचारलं, "खातेदाराशी बोलता येईल का?" तीनदा मी तेच वाक्य उच्चारलं. तिसऱ्यांदा आवाजच फुटेना, तेव्हा शेजारी बसलेल्या मित्राने फोन घेतला.

या मित्राने पहिल्या दिवशी एक वही आणली होती. कोणाशी बोलणं झालं, किती वाजता, काय कागद मागितला, पुन्हा कधी फोन करायचा, सगळं तो त्यात लिहायचा. मला त्या दिवसांतलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. सकाळी बोललेलं दुपारी पुसलं जायचं. ती वही नसती तर मी त्याच खिडकीवर पाच वेळा गेलो असतो. सात दिवसांत त्याने मला एकदाही "सावर" म्हटलं नाही.

काम संपल्यावर वही चाळली. प्रत्येक पानाच्या तळाशी त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "जेवला?" आणि पुढे बरोबरची खूण. दोन पानांवर खूण नव्हती. तिथे लिहिलं होतं, "उद्या बघू."

*

माझा मित्र गेला. एकोणीस वर्षांची मैत्री. रजेच्या अर्जात नात्यांची यादी होती: आई, वडील, जोडीदार, भावंड, मूल. मित्र त्यात बसत नाही. मी रजा घेतली नाही. घेऊन तरी काय कारण लिहिणार होतो?

त्याच्या घरी गेलो तर तिथेही कुठे बसायचं कळेना. घरच्यांचं दुःख मोठं, हे मला मान्य आहे. मी त्यांना धीर द्यायला आलोय असंच सगळे धरून चालले होते. मलाही कोणीतरी विचारावं असं वाटत होतं, आणि असं वाटतं याचीच लाज वाटत होती. पुढे वाचनात आलं की केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 मध्ये अशा शोकाला नावच दिलं आहे, 'डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ'; ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत, ते. मित्राचं जाणं, पूर्वीच्या जोडीदाराचं जाणं, पोटातलं बाळ जाणं, पाळलेला जीव जाणं. नाव मिळाल्याने दुःख कमी झालं नाही. पण आपण उगाच करतोय ही टोचणी मात्र गेली.

आम्ही फोनवर बुद्धिबळ खेळायचो. दिवसाला एखादीच चाल. दुपारी चारच्या सुमाराला त्याची चाल यायची. शेवटचा डाव तसाच आहे, चाल त्याची आहे.

*

मी पंधरा वर्षांची आहे. आजी गेल्यावर पाचव्या दिवशी शाळेत गेले. वर्गात शिरले की सगळे हसायचे थांबायचे. मला ते नको होतं. घरात कोणी हसत नव्हतं म्हणून तर मी शाळेत आले होते. एकच मैत्रीण नेहमीसारखी वागली. तिने विचारलं, "गणिताची वही देऊ का? दोन धडे झालेत." मी तिच्याच बाकावर बसले.

*

वरच्या मुलीने लिहिलं आहे ते मी कामात रोज ऐकते, म्हणून मध्ये थोडं लिहिते. मी समुपदेशक आहे. माझी आई गेली तेव्हा सहाव्या दिवशी मी पुन्हा काम सुरू केलं. समोरच्याचं ऐकताना तासभर आई आठवलीच नाही, आणि तास संपल्यावर जिन्यात उभी राहून मी स्वतःला दोष देत रडले. इतक्या लवकर विसरलीस?

शिकलेलं सगळं माहीत असूनही तसं झालं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाच्या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं की शोकातला माणूस दोन काठांमध्ये हेलकावत असतो. कधी गेलेल्या माणसाकडे वळतो, आठवतो, रडतो. कधी बिलं भरतो, वही तपासतो, नवी घडी बसवतो. दोन्ही लागतं. कामात गुंतलेला तो एक तास म्हणजे विसरणं नव्हे, श्वास घेणं आहे. तरी लोक माझ्याकडे येऊन विचारतात, "मी कितव्या पायरीवर आहे?" नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या त्या पाच पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडल्या, त्या स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसाने क्रमाने चढायचा जिना म्हणून नव्हेत.

आणखी एक. पहिल्या आठवड्यात कोणी फार रडतं, कोणी अजिबात रडत नाही, आणि घरचे दोघांचीही काळजी करतात. शोक लांबल्याचं निदान करायला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान 6 महिने जावे लागतात, अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निकषांत प्रौढांसाठी 12. आठवड्याभरात कोणावर शिक्का मारू नका. मात्र जगूच नये असं कोणी बोलून दाखवलं, तर महिने मोजत बसू नका. त्याच दिवशी मदत घ्या, तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका.

*

आमच्याकडे बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी आईच्या छातीत दुखायला लागलं. जमलेले सगळे म्हणाले, दुःखाने होतंय, पडून राहू दे. वहिनी मात्र ऐकेना. तिने गाडी काढली. आईचं हृदय खरंच थकलं होतं. रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या, पण डाव्या कप्प्याचं टोक फुगून आकुंचन पावेनासं झालं होतं. या आजाराचं वर्णन पहिल्यांदा जपानमध्ये 1990 मध्ये झालं. तिथे ऑक्टोपस पकडायचं जे मडकं असतं, त्याच्यासारखा हृदयाचा आकार दिसतो म्हणून त्याचंच नाव, ताकोत्सुबो. मोठ्या धक्क्यानंतर, आणि विशेषतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये दिसतो असं डॉक्टरांनी सांगितलं. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, आईचंही झालं. पण लक्षणं हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात, घरी बसून फरक कळत नाही. त्या दिवशी बाबांसाठी रडायचं राहून गेलं. ते दीड महिन्याने रडलो, आईला घरी सोडून परतताना, मी आणि वहिनी, गाडी कडेला लावून.

*

मी न गेलेली मैत्रीण आहे. तिचा नवरा गेला तेव्हा मी एक निरोप पाठवला : "काही लागलं तर सांग." आणि वाट पाहत बसले. ती काय सांगणार होती? तिला स्वतःची चप्पल सापडत नव्हती, असं नंतर कळलं. मी जायला घाबरले. काय बोलायचं हे रोज ठरवत राहिले आणि जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं. दोन वर्षांनी माफी मागितली. तिने केली माफ, पण पूर्वीसारखी ती मला रात्री-अपरात्री फोन करत नाही. आता कोणाकडे असं घडलं की मी "काही लागलं तर" म्हणत नाही. "मुलांना चार वाजता आणायला मी जाते" असं म्हणते. बोलायला काही नसलं तरी जाते.

*

आमच्या घरी उलटं झालं. भेटायला येणारे इतके रडायचे की सासूबाईच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसायच्या. नवरा त्यांचा गेलेला आणि समजूत त्या काढतायत! तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून मी दारातच उभी राहिले. आलेल्या प्रत्येकाला आधी बाहेरच्या खोलीत बसवायचं, रडायचं असेल तर माझ्याजवळ रडू द्यायचं, मग आत पाठवायचं. काही जण दुखावले. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मानसशास्त्रज्ञ सुझन सिल्क आणि मध्यस्थीचं काम करणारे बॅरी गोल्डमन यांनी 2013 मध्ये वर्तुळांची एक साधी कल्पना मांडली होती. ज्याच्यावर प्रसंग ओढवलाय तो मधोमध, मग त्याच्या जवळचे, मग दूरचे. दिलासा आतल्या वर्तुळाकडे जायला हवा आणि आपलं रडगाणं बाहेरच्या वर्तुळाकडे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पण दारात उभी राहून मी तेच करत होते, आणि रात्री माझं रडणं मी माझ्या बहिणीला फोन करून मोकळं करत होते.

*

ताईने तिसऱ्या दिवशी बाबांचं कपाट रिकामं केलं. मी खूप बोललो तिला. इतकी घाई? ती काही न बोलता घड्या घालत राहिली. महिनाभर आम्ही कामापुरतंच बोललो. मग एकदा ती म्हणाली, "मला बसवत नव्हतं रे. हात रिकामे राहिले की मला त्यांचा शेवटचा श्वास ऐकू यायचा." मी नुसता बसून होतो, ती नुसती कामं करत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला काही वाटतच नाहीये. एक शर्ट तिने माझ्यासाठी ठेवला होता. खिशाला पेनच्या शाईचा डाग असलेला.

*

पुन्हा मी, सुरुवातीला लिहिलेली. चपलेचं वाचून थांबले, कारण आमच्याकडेही तेच झालं होतं. ज्यांनी न गेल्याचं, भांडल्याचं लिहिलं त्यांचे विशेष आभार. असं लिहायला धीर लागतो. बुद्धिबळाच्या डावाचं मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला सांग, तो डाव पुसू नको." तिचा निरोप पोचवते.

*

मी सत्तरीची आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. हे अकरा वर्षं अंथरुणावर होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. ते गेले तेव्हा रडण्याच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. लोक "फार सोसलंत" म्हणायचे आणि मला वाटायचं, यांना माझ्या मनातलं कळलं तर?

चौथ्या दिवशी माझी जुनी मैत्रीण आली. शाळेपासूनची. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू झोप." मी म्हटलं, लोक येतील. तिने माझ्या हातातून दाराची किल्ली घेतली, खोलीबाहेर खुर्ची टाकली आणि वर्तमानपत्र उघडलं.

मी नऊ तास झोपले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मध्ये एकदा जाग आली, दोन तास झाले म्हणून उठायला गेले आणि मग आठवलं. दाराच्या फटीतून पान उलटल्याचा आवाज आला. पुन्हा झोपले. उठून बाहेर आले तेव्हा अंधारलं होतं. तिने दिवा लावला नव्हता, माझ्या डोळ्यांवर उजेड येईल म्हणून. पेपर घडी घालून मांडीवर ठेवला होता, आणि ती तशीच बसून होती.