जुन्या कॅसेटमधला आवाज वाचवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही निवृत्त. वर्षातून एक दिवस आम्ही कुठेही जात नाही, फोनही घेत नाही. सासूबाईंचा आठवणीचा दिवस. दुपारी खिडकीपाशी खुर्च्या ओढायच्या, पायांवर शाल घ्यायची आणि त्यांची कॅसेट लावायची. ६० मिनिटांची, म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं. त्यात त्या बोलता बोलता मध्येच ह्यांना "अरे, पंखा बंद कर" म्हणतात. त्या वाक्याला हे दरवर्षी हसतात.

यंदा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा आला. बंद करून बघितलं, तर टेपच्या मागे पातळ पत्र्याच्या पट्टीवर जो नमद्याचा इवलासा तुकडा असतो, तोच गळून पडलाय. टेपला हेडवर दाबून धरायचं काम त्याचं. टेप मात्र तुटलेली नाही, चुरगळलेलीही नाही.

दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात ही रिळं घालावीत असं हे म्हणतात. पण आमच्या कॅसेटला स्क्रूच नाहीत, दोन्ही भाग चिकटवलेले आहेत. टेपला धक्का न लावता ते कसे उघडायचे? कुणी स्वतः केलंय का? की फक्त नमदाच बाहेरून चिकटवता येईल? मला गोंदाची भीती वाटते, टेपला लागला तर संपलंच.

आणि एकदा नीट वाजली की कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची आहे. प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर जोडली तर चालेल ना? तोवर प्लेअरला हात लावायचा नाही, असं मी ह्यांना बजावलंय.