मदत हवी आहे: ७९-अचा मूळ जीआर गूगलवर सापडत नाही

चारकोपवासी: सोसायटीच्या पुनर्विकासासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अखालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय (जीआर) हवाय. ‘७९अ पुनर्विकास जीआर’ टाकलं की पानभर बिल्डर आणि सल्लागार. काही जण तर अजून ३ जानेवारी २००९ चा जुनाच चिकटवून बसलेत. मूळ पीडीएफ कशी काढायची?

शोधक_दादर: आधी शोध सरकारी साइटपुरता बांधा. ‘साइट’, कोलन, त्याला चिकटून महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन, मग शब्द. ‘साइट’ आणि पत्ता रोमन लिपीतच टाका. कोलननंतर जागा सोडलीत तर गूगल त्याला साधा शब्द समजतं आणि बिल्डर परत हजर. शेवटी तसंच ‘फाइलटाइप’ कोलन पीडीएफ.

अवतरणचिन्हं जपून वापरा. ‘पुनर्विकास’ अवतरणात घातलात की ‘पुनर्विकासाबाबत’ निसटू शकतं. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात ना. ७९ मराठी आणि इंग्रजी, दोन्ही आकड्यांत टाकून बघा.

टंकनिक: जुन्या पीडीएफमध्ये आणखी एक घोळ. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व (आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धती येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर दिसायला मराठी, पण आत भलतीच अक्षरं. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. कचरा उमटला तर ती फाइल मराठी शब्दाने सापडायची नाही. ओळ सिलेक्टच होत नसेल तर तो स्कॅन आहे.

सहकारसेतू: एवढा खटाटोप कशाला? तारीख माहीत आहे ना, मग थेट शासन निर्णयांच्या पोर्टलवर जा. विभाग ‘सहकार, पणन व वस्त्रोद्योग’, तारखा १ ते १५ जुलै २०१९, मुख्य शब्दाची चौकट रिकामी. यादी आली की विषय वाचत खाली या. तिथेच १८ आकडी सांकेतांक मिळेल. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. फाइलचं नावही सहसा तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी प्रत याच आकड्याने पोर्टलवर ताडून बघा.

चारकोपवासी: आभार. गूगलमध्ये ठरावीक तारखेनंतरचंच शोधणाऱ्या ‘आफ्टर’ कोलनला २०१९-०७-०१ दिलं तर जुना जीआर गळेल?

शोधक_दादर: खात्री नाही. गूगल पानाची तारीख अंदाजाने ठरवतं, जीआरवरची बघत नाही. २००९ ची पीडीएफ कुणी २०२१ मध्ये चढवली असेल तर तीही येईल. उघडल्यावर पहिल्या पानावरची तारीख बघाच.